बॅगेतून काढून ठेवलेले बूट

काल संध्याकाळी मी कूलरमध्ये पाणी भरत होते, तेवढ्यात समोरच्या घरची सुनीता फाटक उघडून आत आली. हातात वही आणि पेन. मनात म्हटलं, शाळेतून निवृत्त होऊन मला सहा वर्षं झाली, आता हिला कोणता धडा शिकायचा आहे? तर बाई दारातूनच म्हणाली, "काकू, आमचं ठरलं! पुढच्या महिन्यात युरोप. टूरवाल्यानं यादी देली, पण तुम्ही जाऊन आल्या ना, म्हणून म्हटलं तुम्हालेच विचारावं. कपडे काय न्याचे, बूट कसे न्याचे, समदं सांगा."

पाइप माझ्या हातातून सुटला. अंगणभर पाणी झालं, सुनीताची सलवार भिजली, आणि मी "अरे देवा, अरे देवा" करत नळाकडे धावले. तेवढाच वेळ मिळाला.

आमच्या घरात बूट हा शब्द कोणी काढत नाही. हे आत दिवाणावर पेपर वाचत बसले होते. लुंगीची उजवी बाजू गुडघ्याखाली गादीवर सपाट पडलेली. सुनीता ते रोज बघते. दवाखान्यात डबेही तिनेच आणले होते. पण युरोपला निघालेल्या माणसाला दुसरं काही दिसत नाही, तिचा मी राग करत नाही. मागच्या उन्हाळ्यात मलाही काही दिसत नव्हतं.

मागचा उन्हाळा! बोरगाव मेघेतल्या आमच्या या दोन खोल्यांवर असा उन्हाळा आधी आला नव्हता. ऊन म्हणाल तर नेहमीचंच. अकरा वाजल्यानंतर रस्त्यावर कुत्रं नाही, डांबर चपलेला चिकटतंय, गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी हात भाजवतंय. आणि अशा उन्हात आमच्या घरी लोकरीचे कपडे आलेले! आमची एकुलती एक मुलगी, प्रज्ञा, प्रागला नोकरी करते. तिने तिकिटं काढली आणि फोनवर ही लांबलचक यादी पाठवली. आतून घालायचे गरम कपडे दोन जोड. वरून पातळ स्वेटर. त्यावर पाणी न शिरणारं जाकीट. "आई, एकच जाडजूड स्वेटर नको आणू. एकावर एक पातळ घालायचं. ऊन पडलं की काढायचं, वारा सुटला की चढवायचं." मी म्हटलं, कांद्यासारखं का गं? ती हसली. जीन्स नको, ओली झाली की दोन दोन दिवस वाळत नाही. साडी नको, तिथल्या गोल जिन्यांवर पायात येईल. छत्री नको, टोपी आण.

नागपूरहून ते गरम कपडे आणले त्या दुपारी आम्ही दोघांनी दार लावून, कूलर पूर्ण सोडून, सगळं अंगावर चढवून पाहिलं. बेचाळीस वर्षांच्या संसारात इतकं हसलो नसू. हे जाकिटाची टोपी डोक्यावर ओढून कूलरच्या तोंडाशी उभे राहिले आणि म्हणाले, "बस, आलं प्राग! आता तिकीट वापस करून टाका." पाच मिनिटांत घामाने दोघंही चिंब. पुढे कित्येक दिवस ते आठवलं की मला एकटीलाच हसू फुटायचं. आता आठवलं की उठून दुसऱ्या खोलीत जाते.

बूट आम्ही संध्याकाळी घेतले. तेही प्रज्ञानेच सांगितलेलं, दिवसभर चालून पाय थोडे सुजतात, तेव्हा माप घ्यायचं. वर्ध्याच्या मेन रोडवरच्या दुकानातल्या पोराने गुडघ्यावर बसून यांचा अंगठा दाबून पाहिला. पुढे बोटभर जागा सोडली. पांढरे, जाड पण नरम तळव्याचे, हातात घेतले तर हलके वाटणारे. माझेही तसेच, फक्त करड्या रंगाचे. "काका, घेतले म्हणून डब्यात नका ठेवू. पंधरा दिवस रोज घालजा, मंग पायाले वळण लागते," असं तो पोरगा दोनदा म्हणाला. मी दुसऱ्या दिवसापासून पहाटे नाल्याच्या पुलापर्यंत जायला लागले. सुरुवातीला लाज वाटली. साठी उलटलेली बाई, पंजाबी ड्रेसखाली खेळाचे बूट. पण चार दिवसांत पाय असे काही हलके झाले, की वाटलं चौतीस वर्षं शाळेत मी कशाला चपला घासत गेले?

हे एकच दिवस आले. पुलाजवळच्या पानठेल्यावर दोन ओळखीचे उभे होते. एकजण म्हणाला, "काय साहेब, पोलीस भरतीले उतरून राह्यले काय?" बस, संपलं. घरी येऊन बूट काढले, डब्यात घातले, डबा दिवाणाखाली सरकवला.

"अहो, थट्टा करते कोणी तर मनावर का घेता?"

"मी तीस वर्षं भूमी अभिलेखमध्ये मोजणी केली. ढेकळातून, काट्यातून, चिखलातून चाललो. कोणते बूट पायजेत ते मले शिकवता काय तुम्ही मायलेकी?"

खरंच होतं ते. यांनी अख्खा सेलू तालुका पायांनी मोजलेला. हिंगणीकडच्या जंगलाला लागून असलेली वावरंसुद्धा काळ्या चामड्याच्या बुटातच मोजली. लोक चपलेवर यायचे, हे पॉलिश केलेल्या बुटात. साखर लागली, पायांची जाण हळूहळू कमी झाली, तरी बूट तेच.

आणि खरं सांगू का, मला यांचं म्हणणं कळत होतं. मी त्याच घरची सून आहे. यांचे आजोबा सिंदीला जिनिंगमध्ये कापसाचे बोजे उचलायचे, आणि गावातल्या वरच्या गल्लीतून जाताना पायातल्या वहाणा काढून हातात घ्यायचे. यांच्या वडिलांनी ते पाहिलेलं होतं. आमच्या भिंतीवरच्या फोटोत निळा कोट आहे, टाय आहे. यांच्या वडिलांनी पोराला पहिल्यांदा शहरात शिकायला पाठवलं तेव्हा उसन्या पैशांनी आधी बूट घेतले, पुस्तकं नंतर. पोरगी सोडली तर त्या घरातला पहिला माणूस समुद्रापलीकडे निघाला होता. तो काय खेळाच्या बुटात जाईल? "ते लोक कोटात-बुटात शिकाले गेले होते तिकडे. मी भरतीच्या पोरासारखा जाऊ?" असं हे म्हणाले.

म्हणून यांनी नवा सूट शिवला आणि नवे काळे बूट घेतले. आमच्याकडे नवं काही आलं की ते चौदा एप्रिलच्या जयंतीलाच अंगावर चढतं, त्याआधी त्याची घडी मोडत नाहीत. सूट-बूट जयंतीच्या मिरवणुकीत एका संध्याकाळी घातले. चौकात सगळ्यांनी पाहिलं, फोटो काढले. घरी आल्यावर मी माझ्या हातांनी बुटांवरची धूळ पुसली, आत कागदाचे बोळे भरले, डब्यात घालून कपाटावर ठेवले. खराब व्हायला नको, प्रागला न्यायचे आहेत. वर यांना बजावलं, "आता हे घरात घालून फिरू नका." हे मीच म्हटलं. शाळेत पोरांना म्हणायचे, नवी वही आहे, आताच रेघोट्या मारू नका, त्याच आवाजात.

प्रज्ञाने फोनवर फार डोकं खाल्लं तेव्हा हे एवढ्यावर आले, की पांढरे बूट बॅगेत टाक, तिथं गेल्यावर पाहू. मी टाकले. मोज्यात गुंडाळून, अगदी तळाशी.

आता ते सांगते, जे मी प्रज्ञालाही नीट सांगितलेलं नाही.

उन्हाळा म्हणजे आमच्याकडे वाळवणाचे दिवस. पोरगी परदेशात, सणाला येत नाही, तर तिच्यासाठी मी त्या वर्षी दुप्पट केलं. कुरड्या केल्या, तिखट कुटून आणलं, आणि मुंगवड्या. मुंगाची डाळ भिजवून, वाटून, गच्चीवर धोतरावर एकेक वडी घालायची, सकाळी सहाला सुरू करायचं ते ऊन चढायच्या आत संपवायचं. प्रज्ञाला लहानपणापासून मुंगवड्यांची भाजी म्हणजे जीव की प्राण. वांगी घालून, वरून कोथिंबीर.

निघायच्या आदल्या दिवशी यांचे भाऊ सिंदीहून कापूस तोलायचा लटकता काटा घेऊन आले. विमानात वजनाचं फार कडक असतं म्हणे. दाराच्या चौकटीला दोर बांधून काटा टांगला, त्याला बॅग अडकवली. काटा दीड किलो पुढे! काढा, घाला, काढा, घाला, आमचा तमाशा चालला. एक स्वेटर काढला. टॉवेल काढला. तरी काटा मागे येईना. समोर मुंगवड्यांचा डबा आणि समोर बुटांची गुंडाळी. भाऊजी म्हणाले, "वहिनी, वड्या थोड्या कमी करा ना." मी म्हटलं, "माझी पोरगी तीन वर्षांपासून खाल्ली नाई ते. हे बूट तसेही घालणार नाईत, कशाले वागवाचे?" आणि बूट बाहेर काढले.

हे पलीकडे टाय बांधून पाहत होते. मी ओरडून सांगितलं, "अहो, तुमचे पांढरे बूट घरीच ठेवून राह्यली बरं का!" तर हे खूश होऊन म्हणाले, "बेस केलं."

काटा बरोबर आकड्यावर आला. मला केवढा आनंद झाला होता, काय सांगू!

प्रागला मे महिन्यात पाऊस होता, बारीक, थांबून थांबून येणारा. जाकीट, टोपी, एकावर एक कपडे, प्रज्ञाचं सगळं बरोबर निघालं. आयुष्यात पहिल्यांदा मी खिसे असलेली पँट घातली होती. दोन्ही हात खिशात घालून परक्या शहरात चालताना मला फार मोठं झाल्यासारखं वाटायचं. पण पायाखाली रस्ता नव्हताच. मुठीएवढे चौकोनी दगड, एकाशेजारी एक गाडलेले, पावसाने बुळबुळीत, आणि असे मैलोन् मैल. किल्ला चढायचा त्या दगडांवरून, पूल ओलांडायचा त्या दगडांवरून. माझे करडे बूट झकास चालत होते. मी आणि प्रज्ञा पुढे, हे मागे.

पुढे चालत होते मी. सारखं तेच डोळ्यांसमोर येतं. मागे वळून म्हणायचे, "चला ना लवकर, किती हळू चालून राह्यले!" आणि हे सूट-टायमध्ये, ओल्या दगडांवर काळे बूट एकेक जपून टाकत यायचे. पण काय रुबाब होता! एका हॉटेलातल्या वेटरने यांच्यासाठी वाकून खुर्ची ओढली. त्यांचा चेहरा तेव्हा पाहायला हवा होता तुम्ही. फोटोत तो चेहरा आहे. फोटो मी फोनमधून काढून टाकलेले नाहीत, पण उघडतही नाही.

तिसऱ्या दिवशी प्रज्ञा म्हणाली, "बाबा, तुम्ही लंगडताय. चला, आत्ताच्या आत्ता बूट घेऊ."

"काही लंगडत नाई. दुखतही नाई."

"दुखत नाही म्हणूनच भीती वाटते ना बाबा. साखर आहे तुम्हाला."

"अवं, घरी नवेकोरे बूट पडून हायेत अन् इथं आणखी घ्याचे? लोक पागल म्हणतीन."

मीही मान हलवली. मीही म्हटलं, "हो ना, घरी आहेत ना." म्हणजे आधी मी ते बूट घरी ठेवले, आणि मग घरी आहेत म्हणून दुसरे घेऊ दिले नाहीत. कोणत्या डोक्याने केलं असेल हे मी?

त्याच दिवसापासून हे मोजे स्वतः धुवायला लागले. प्रज्ञाकडे मशीन आहे, तरी बाथरूममध्ये दार लावून हाताने. मी कौतुकाने सांगितलं पोरीला, "बघ, घरी पाण्याचा पेला उचलत नाहीत, इथं येऊन तुझे बाबा सुधारले." आम्ही दोघी हसलो. सहाव्या दिवशी मी न विचारता आत गेले तेव्हा बादलीतलं पाणी लाल होतं. टाचेचं कातडं मोज्याबरोबर निघून आलेलं, करंगळीचं बोट काळंनिळं, आणि हे माझ्याकडे पाहून शाळेतल्या पोरासारखे म्हणाले, "अजून चार दिवस होते ना. तुमचं फिरणं काऊन खराब करू?"

तिथल्या डॉक्टरांनी मलमपट्टी केली, लगेच घरी जा म्हणाले. घरी आलो तेव्हा वर्धा नुसती भट्टी झाली होती, आणि त्या भट्टीत जखम चिघळली. आधी दोन बोटं गेली. मग अर्धं पाऊल. लोकांची पेरणी संपली तेव्हा गुडघ्याखाली कापावं लागलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, मला समजावत होत्या, "आजी, अशा पेशंटला साधा बूट चावला तरी पुरतं." साधा बूट. त्यांना मुंगवड्यांचं काय सांगणार होते?

प्रज्ञा फोनवर रडते, म्हणते माझी चूक, मी जबरदस्तीने दुकानात न्यायला हवं होतं. मी म्हणते, तुझी नाही गं. ती विचारते, मग कोणाची? मी विचारते, जेवलीस का? एकदा तिने आपण होऊन सांगितलं, "आई, तो वड्यांचा डबा तसाच आहे. उघडलाच नाही." म्हटलं, फेकून दे. तिने फेकलेला नाही, मला माहीत आहे. या वर्षी मी वाळवण घातलं नाही. गच्ची रिकामी. शेजारणी विचारतात, मी म्हणते गुडघे दुखतात.

तर काल सुनीता वही उघडून बसली आणि मी सांगत गेले. पातळ कपडे एकावर एक. जाकीट. टोपी. जीन्स नको. ती भराभर लिहीत होती. मग म्हणाली, "अन् बूट काकू?" मी तिच्या भिजलेल्या सलवारीसाठी टॉवेल शोधायला लागले.

आतून यांचा आवाज आला. "सुनीता, लिही. बूट जुने नेजो. नवे असतीन तर आतापासून रोज घालजो. लोक हसले तर हसू देजो. अन् रोज रातच्याले मोजा काढून पाय पाह्यजो. दुखो नाई तर ना दुखो. पाह्यजोच."

सुनीताने खाली मान घालून तेही लिहून घेतलं. चहा न घेताच गेली.

मी आत गेले. वर्ष होत आलं, मी विचारलं नव्हतं. काल विचारलं. "मी ते बूट काढले नसते तर... तुमच्या मनात राग आहे का हो माझ्यावर?"

यांनी पेपरचं पान उलटलं. "कूलर भरून घे. नळ जाईन."

मी बाहेर येऊन कूलर भरला. पाणी वाहून जाईपर्यंत भरत राहिले. नाही म्हणायला काय लागतं माणसाला? किंवा हो तरी म्हणावं. रागावावं, ओरडावं, पेपर फेकून मारावा. मला काहीही चाललं असतं.

आज सकाळी नकली पाय बसवून घ्यायला गेलो. मागच्या खेपेला तिथल्या तंत्रज्ञाने सांगून ठेवलं होतं, येताना बुटाची जोडी आणा, दोन्ही पायांची. चामड्याचे कडक नकोत, सपाट, नरम तळव्याचे पाहिजेत, पाय त्याच्याच उंचीवर बसवतो. मी दिवाणाखालून डबा काढला. वर्षाची धूळ होती. आतले बूट मात्र पांढरेशुभ्र, तळवे जवळजवळ कोरे. रिक्षात डबा मांडीवर घेऊन बसले. हे बाहेर रस्त्याकडे बघत राहिले, डब्याकडे पाहिलं नाही.

त्या तरुण मुलाने रबरी पावलावर मोजा चढवला, त्यावर उजवा बूट. डावा यांनी स्वतः घातला. दोन्हीकडच्या दांड्या धरून हे उभे राहिले. एक पाऊल, दुसरं. पांढरे बूट फरशीवर चालले. मुलगा खाली वाकून पट्टे तपासत होता, सवयीने त्याच्या तोंडातून गेलं, "काका, बूट चावते काय?"

हे हसले. कूलरसमोर जाकीट घालून हसले होते ना, तसे.

"नाई चावत. बेस हायेत," हे म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "बरं झालं, तू घरी ठेवले. तिथं नेले असते तर झिजले असते."

उजव्या बुटाची लेस सुटली होती. मी खाली बसले आणि बांधायला लागले. हे वरून म्हणाले, "आवळ चांगली. मले लागत नाई."